स्कूटरची किल्ली आपल्या हाती

२०२१ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले होते. मिरजेहून आईचा फोन आला, "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय गं. घाबरू नकोस, पण येशील का?"

हे कामानिमित्त रत्नागिरीला गेलेले. मुलगा शिकायला पुण्याला. आमचं घर सांगलीत विश्रामबागेत आणि आईचं मिरजेत ब्राह्मणपुरीत. दिवसा रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. पण थंडीतल्या त्या रात्री रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. अंगणात ह्यांची स्कूटर उभी होती. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला होती. टाकीत पेट्रोल होतं. आणि मी दारात उभी! पंचवीस वर्षांच्या संसारात त्या गाडीवर मागे बसून मी कुठं कुठं हिंडले असेन, पण तिची किल्ली एकदाही माझ्या हाताने फिरवली नव्हती.

शेवटी शेजारच्यांना उठवलं. त्यांनी दार उघडलं, कपडे बदलले, गाडी बाहेर काढली. मिरजेला पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि आईची शेजारीण खमकी. तिने तोवर आईला दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं, शेजारणीसाठी होतं. ते मला फार लागलं.

आई बरी होऊन घरी आल्यावर मी लर्निंग लायसन्स काढलं. वय वर्षं अठ्ठेचाळीस. पुतणीने रोज सकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर शिकवलं आणि २०२२ च्या पाडव्याला मी माझ्या नावावर, माझ्या पैशांतून नवी स्कूटर घेतली. आज तिचे अठरा हजार किलोमीटर झालेत. या काळात ज्या चुका केल्या, ज्या होता होता टळल्या आणि जे मिस्त्रीकडून, पुस्तिकेतून, अनुभवातून शिकले, ते आज तुम्हांला सांगते.

वडिलांची स्कूटर आणि आपली

स्कूटर आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होत. १९७२ मध्ये 'चेतक' आली आणि मध्यमवर्गीय घरात तिचं मंगळसूत्राइतकं कौतुक झालं. नाव नोंदवल्यावर नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जात. त्याच साली कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लूना' आली आणि कितीतरी शिक्षिका, नर्सताई, बँकेत जाणाऱ्या मुली तिच्यावरून दिसू लागल्या. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की गाडी सुरू! साडीतल्या बाईला ही केवढी सोय झाली, ते त्या पिढीलाच विचारावं.

वडिलांच्या स्कूटरमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळून घालावं लागे. सकाळी ती सुरू झाली नाही, तर एका कुशीवर कलती करावी लागे, मग किकवर किक. आजच्या गाडीला ह्यातलं काही लागत नाही. तिचं ऑइल इंजिनात वेगळं असतं, पेट्रोलही कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने जातं. एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्यांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून हा बदल सरसकट झाला. त्यामुळे वडीलधाऱ्यांचा एखादा जुना सल्ला आज गैरलागू असतो. पण 'नवी गाडी पहिले काही दिवस जपून चालवावी' हा त्यांचा सल्ला मात्र अजून पक्का आहे.

गाडी ताब्यात घेताना

पेढे नंतर वाटा, आधी चार गोष्टी बघून घ्या. गाडी तुमच्यासाठी घेताय ना? मग ती तुमच्याच नावावर घ्या. विम्याचा कागद नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली, आपटली, पुरात बुडाली, तर त्याचे पैसे ह्या विम्यातून मिळत नाहीत. त्यासाठी 'ओन डॅमेज' हा भाग वेगळा घ्यावा लागतो आणि पुढे तो वेळच्या वेळी चालू ठेवावा लागतो. "पाच वर्षं विमा आहे" म्हणून निर्धास्त राहिलेल्या बायका मी आमच्याच गल्लीत पाहिल्यात.

दोन्ही आरसे, मागच्या बसणारीला धरायला दांडा, पाय ठेवायला पायटा आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून असलेली जाळी हे सगळं गाडीसोबत घ्या. मी गाडी घेतली त्या शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, जाळी काढून टाकू का? गाडी स्मार्ट दिसते." मी म्हटलं, "बाळा, गाडी स्मार्ट दिसण्यापेक्षा माझी आई धड घरी येऊ दे."

मुलांच्या बाबतीत एक ठणकावून सांगते. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरला अठरा पूर्ण लागतात. "क्लासलाच तर जातोय" म्हणून अकरावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालक किंवा गाडीमालक दोषी ठरतो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि दंडाचं सोडा, पोर आपलंच असतं.

टाकी लावलेला पाटा आठवा

पाट्याला टाकी लावून आणली की पहिलं वाटण आपण टाकून देत होतो. का? तर दगडाची कच त्यात उतरलेली असते. दोनतीनदा वाटलं की पाटा बसतो आणि मग चटणी कशी गुळगुळीत निघते. नव्या इंजिनाचं अगदी तसंच आहे.

इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात पिस्टन खालीवर होतो. पिस्टनला भोवतीनं कड्या असतात, त्यांना रिंगा म्हणतात. सिलिंडरचा आतला पृष्ठभाग आपल्याला आरशासारखा वाटला, तरी त्यावर सूक्ष्म ओरखडे ठेवलेले असतात. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे होतात. ते नीट बसले, तर पुढे गाडी ऑइल पीत नाही आणि जोरही टिकून राहतो. ह्या घासण्यातून निघालेला धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो. म्हणून पहिलं ऑइल पाट्यावरच्या पहिल्या वाटणासारखं काढून टाकायचं.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १००० किलोमीटरला किंवा महिनाभराच्या आत, जे आधी होईल तेव्हा, असं लिहिलेलं असतं. "माझी गाडी महिन्यात दोनशेच किलोमीटर झाली, कशाला नेऊ?" असं म्हणू नका. पहिली सर्व्हिसिंग चुकवलीत, तर वॉरंटीचंही भांडण होऊ शकतं.

तोपर्यंत एवढं सांभाळा :

सकाळी बटण दाबल्याबरोबर सुसाट निघू नका. अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू द्या, मग पहिला अर्धा किलोमीटर सावकाश जा. दारात उभी करून पाच-दहा मिनिटं घुरघुरतही ठेवू नका. त्याने रिंगा बसत नाहीत, पेट्रोल मात्र जातं.

अॅक्सिलरेटर झटक्याने पूर्ण पिळू नका. ओला टॉवेल पिळतो तशी ही मूठ पिळायची नसते. रेडिओचा आवाज वाढवावा, तशी हळूहळू फिरवायची असते.

वेगाची मर्यादा पुस्तिकेत असेल ती पाळा. साधारण चाळीस-पन्नासच्या आत राहिलात, तर चिंता नको. पण एक गंमत बघा. फार जपणंही चांगलं नाही. तासभर एकाच वेगाने चाललं, तर रिंगा एकाच ताणाखाली घासत राहतात. वेग थोडा वाढवा, थोडा कमी करा. गावातल्या गावात, मंडईला, शाळेला, थांबत-निघत चालवलेली गाडी आपोआप छान बसते. नवी गाडी घेऊन तडक कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला हायवेने जायचं मनात असेल, तर देवी महिनाभर थांबेल.

डबलसीट वजन, पिठाची गोणी, चढाचा घाट हे सुरुवातीला टाळता आलं तर टाळा.

ज्यांनी विजेवरची स्कूटर घेतली आहे, त्यांना इंजिन, ऑइल, रिंगा ही भानगड नाही. २०२० च्या जानेवारीत 'चेतक' हे नावही विजेच्या गाडीवर परत आलं. पण त्यांनी पुढचं जरूर वाचावं. टायर, ब्रेक आणि पदर हे सगळ्या गाड्यांना सारखेच. उलट विजेच्या गाडीला आवाज नसल्याने ती चालू आहे की बंद, हे कळत नाही. तिथे जास्तच सावधपणा हवा.

नवे टायर, नवे ब्रेक

नवा टायर गुळगुळीत, किंचित तुळतुळीत असतो. रस्त्यावर घासून तो थोडा खरबरीत झाल्याशिवाय त्याला पकड येत नाही. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलती करू नका. शोरूमवाले हौसेने टायरला चकाकीचं पॉलिश मारतात. ते रस्त्याला लागणाऱ्या भागावर असेल, तर पुसून घ्या.

ब्रेकचे लायनरही नवे असताना पूर्ण टेकत नाहीत. पहिले काही दिवस समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा आणि हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा ब्रेक लावत त्यांना बसू द्या.

आता ब्रेक कुठला लावायचा? मला सगळ्यांनी सांगितलं होतं, "पुढचा ब्रेक लावूच नको, उलटी पडशील." हे अर्धवट खरं आहे. गाडी थांबताना तिचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. उजव्या हाताचा ब्रेक पुढचा, डाव्या हाताचा मागचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना जोडब्रेक किंवा एबीएस आहे. जोडब्रेकच्या स्कूटरमध्ये डावा दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो. तरी सवय दोन्ही हातांनी लावण्याचीच करा. हँडल सरळ असताना, हळूहळू दाब वाढवत. वळणावर, वाळूवर, ओल्या रस्त्यावर मात्र वेग आधीच कमी करायचा, तिथे पोचल्यावर ब्रेक करकचून दाबायचा नाही. शिकताना दहाव्या दिवशी मी नेमकं तेच केलं. बांधकामाची वाळू रस्त्यावर पसरली होती, घाबरून पुढचा ब्रेक आवळला आणि सपशेल आडवी! गुडघा सोलवटला, अहंकारही. पण तेव्हापासून वाळू दिसली की बोटं आपोआप सैल होतात.

किल्ली बंद म्हणजे बंद

बिनगिअरच्या गाडीचा सगळ्यात मोठा धोका मला विचाराल, तर तो उभ्या गाडीत आहे. भाजीवाल्यापाशी थांबलो, इंजिन चालूच, दोन्ही पाय खाली, मेथीची जुडी उलटसुलट बघतोय. पुढे उभं असलेलं पोर गंमत म्हणून मूठ फिरवतं, आणि गाडी थेट टोपल्यांवर! गिअर नसल्यामुळे तिला थांबवायला मधे काहीच नसतं. कुठेही थांबलात, ओळखीचं कोणी भेटलं, गेट उघडायचंय, गाडी ढकलून मागे घ्यायची आहे, तर आधी किल्ली बंद करा.

लहान मुलांबद्दल नियमही आता आहे. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी चाळीसच्या आत वेग बंधनकारक आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच, मागे बसणारीलासुद्धा.

हेल्मेट म्हटलं की आपल्याकडे केसांची चर्चा सुरू होते. अंबाड्यावर ते बसत नाही, हे खरंच आहे. मानेजवळ खाली वेणी घाला, गजरा पोचल्यावर माळा. आयएसआयचं हेल्मेट घ्या. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर एक-दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्याआधी रस्त्यावर पडतं. आणि एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं, तरी बदला. आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदाच मार खाण्यासाठी असतं.

आणखी एक. दिवसा तुमच्या गाडीचा पुढचा दिवा चालू असतो आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताची बोटं उघडमीट करून तो बंद करायला सांगतो. गडबडून बटण शोधत बसू नका. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्यांचे मनातल्या मनात आभार माना आणि नजर रस्त्यावर ठेवा.

जाळी डावीकडे, पदर उजवीकडे

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे.

गाडी घेऊन दोन महिने झाले होते. आईला तपासणीला न्यायचं होतं. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली. मी वळून जाळी पाहिली, साडीचा घोळ जाळीच्या वर आहे ना, पायट्यावर पाय आहेत ना, सगळं पाहिलं आणि निघाले. वानलेसवाडीच्या पुढे मागून एक मोटारसायकलवाला मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, "काकू, पदर! पदर!" मला कळेपर्यंत आईने "अगंऽ" म्हणून माझा खांदा गच्च धरला. मी दोन्ही ब्रेक लावले. वेग वीस-पंचवीसचा असेल, म्हणून गाडी चार हातांवर थांबली. पदराचा शेव मागच्या चाकात गेला होता आणि आई मागे ओढली गेली होती. साडी टर्रकन फाटली म्हणून बरं, नाहीतर आईच गेली असती चाकाकडे. त्या मुलानेच चाक उलटं फिरवून पदर सोडवला.

घरी आल्यावर मी गाडीभोवती दोनदा फेरी मारली. जाळी होती ना? मग असं कसं झालं? आणि एकदम लक्षात आलं. जाळी असते डाव्या बाजूला, कारण बाई डावीकडे पाय सोडून बसते. पण डावीकडे तोंड करून बसली, म्हणजे तिची पाठ कुठे? उजवीकडे! आपला पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर पडतो. म्हणजे तो लोंबतो तो उजवीकडे, जिथे जाळीच नाही. जाळी निऱ्या सांभाळते, पदर नाही. वर्षानुवर्षं आपण मागे बसतो आणि हे कुणी सांगत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मागे बसणारीचा पदर पाठीमागून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा. एक पिन लावा. ओढणी दोन्ही टोकं पुढे घेऊन गाठ मारा किंवा सरळ घडी करून पर्समध्ये टाका. ओढणीचा फास गळ्याभोवती असतो, त्यामुळे ती पदराहूनही वाईट. शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसणंच उत्तम. तोल सांभाळायला चालवणारीलाही सोपं जातं. आईने त्या दिवसापासून बाहेर जाताना पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! "फाटलेली साडी महागाची होती," एवढंच ती म्हणाली.

पर्सचे लांब बंद, पावसाळ्यातला घोळदार रेनकोट यांचंही तेच. कोट-पँटचा रेनकोट घ्या. आणि मागे बसून छत्री उघडणं तर मुळीच नको; वारा छत्रीत शिरला की गाडीचा तोल गेलाच.

आपल्याकडचे रस्ते

आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि मागे धड दिवा नाही. संध्याकाळी अशा ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नका. ओलांडायचीच असेल, तर दोन्ही ट्रॉल्या एका दमात ओलांडण्याइतका रस्ता मोकळा दिसला पाहिजे. मधे सापडलात, तर आत शिरायला जागा नसते. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं आणि सांडलेली मळी यांवरून गाडी तेलावरून सरकावी तशी सरकते.

पहिल्या पावसाचंही तसंच. वर्षभर साठलेलं तेल, धूळ पाण्याबरोबर वर येतं आणि पहिला तासभर रस्ता साबणाचा होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं यांवर वळू नका, ब्रेक लावू नका. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे, हे त्यात जाऊन मोजायचं नसतं.

उतारावर किंवा घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्या काही बायका-पुरुष मी पाहिलेत. इंजिन चालू असलं, म्हणजे तेही गाडीला मागे ओढून धरतं. ते बंद केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात.

गाडी पाण्यात बुडाली तर

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेने सांगलीत काय केलं, ते आम्ही विसरणार नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. गावभागातल्या माझ्या भाचीची स्कूटर २०१९ मध्ये चार दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर धुऊनपुसून तिने बटण दाबलं. खट्ट असा आवाज झाला आणि इंजिन कायमचं गप्प झालं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर आदळला आणि आतला दांडा वाकला. बटण दाबलं नसतं, तर ऑइल आणि फिल्टर बदलण्यावर कदाचित भागलं असतं.

म्हणून पुराचं पाणी लागलेली गाडी सुरू करायचीच नाही. किल्लीसुद्धा फिरवू नका. ढकलत किंवा टेम्पोत घालून मिस्त्रीकडे न्या. इंजिनाचं ऑइल, मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल, हवेचा फिल्टर, पट्टा सगळं उघडून बघायला सांगा. निघालेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर समजा पाणी आत गेलंय. आणि ढकलण्याआधी मोबाइलवर गाडीचे फोटो काढून ठेवा, विम्याला लागतात.

रविवारची दहा मिनिटं

कुकरची शिट्टी, रिंग आपण बघतोच ना? तशी आठवड्यातून दहा मिनिटं गाडीला द्या.

हवा : टायर थंड असताना भरा. बहुतेक ११० सीसी स्कूटरना पुढे साधारण २२ आणि मागे एकटीसाठी २९, दोघांसाठी ३६ लागते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. तो लिहून डिकीत चिकटवा आणि पंपावरच्या मुलाला स्वतः सांगा.

ऑइल : गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर. इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर पट्टी काढा, पुसा, पुन्हा आत घालून बघा. दोन खुणांच्या मधे हवं. साऱ्या इंजिनात जेमतेम पाऊण लिटर ऑइल असतं. त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी पुष्कळ झालं.

ब्रेक : मूठ दाबल्यावर पहिला एक-दोन सेंटिमीटर भाग मोकळा जातो. ती फार आत जाऊ लागली, तर आवळून घ्या.

दिवे : पुढचा, मागचा, ब्रेकचा, इंडिकेटर, हॉर्न. ब्रेकचा दिवा स्वतःला दिसत नाही. भिंतीजवळ उभ्या राहून पडणारा लाल उजेड बघा.

बॅटरी : गाडी आठवडाभर उभी असेल, तर एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. किक असेल, तर अधूनमधून तीही मारून बघा. बॅटरी उतरल्यावर तीच कामी येते.

पेट्रोल : काटा लाल होईपर्यंत थांबू नका. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलामुळेच तो थंड राहतो.

धुणं : सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या फिल्टरकडे पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. धुतल्यावर चार पावलं चालवत ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करा.

मधला स्टँड बायकांना लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. आपण हातांनी गाडी मागे ओढायला जातो, तिथे चूक होते. स्टँडची दांडी जमिनीला दोन्हीकडून टेकली की तिच्यावर सगळं अंग टाकून उभं राहायचं. गाडी आपली आपण चढते. हाताने फक्त दिशा द्यायची.

सर्व्हिसिंगला गेलात, तर काय काय बदललं ते लिहून मागा आणि जुना भाग दाखवायला सांगा. आतला रबरी पट्टा साधारण वीस-चोवीस हजारांच्या पुढेमागे बदलावा लागतो. "ताई, तुम्हांला नाही कळायचं," असं कुणी म्हणालंच, तर "म्हणूनच समजावून सांगा," म्हणावं. आमचे मिस्त्री आता मला आपण होऊन जुने भाग काढून दाखवतात.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला आईचा फोन आला. या खेपेला दुखणं त्या शेजारणीचं होतं. ती पाय घसरून पडली होती आणि तिची मुलं परगावी. मी किल्ली उचलली, हेल्मेट घातलं आणि अर्ध्या मिनिटाने गाडी फाटकाबाहेर होती. दवाखान्यात त्या शेजारणीचा हात धरून बसले, तेव्हा कुठे त्या डिसेंबरातल्या रात्रीचं ओझं जरा हलकं झालं.

दाराशेजारचा तो खिळा अजून आहे. त्याला आता दोन किल्ल्या असतात. तुमच्या घरीही असा एक खिळा असेल. आज संध्याकाळी त्याच्याकडे बघा.